वर्कशॉपसाठी मापाचे रॅक बाहेरून करून घ्यायचेत: डिझाइन आणि फॅब्रिकेशन एकाकडे द्यावं की वेगवेगळं?

कानस

नमस्कार मंडळी,

आमचं मशीनदुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे. लेथ, मिलिंग, थोडंफार वेल्डिंग. जागा बरी आहे, पण माल ठेवायची धड सोय नाही. सळया भिंतीला टेकवून उभ्या आहेत. पत्र्याच्या शीट एकीवर एक आडव्या रचल्यात, त्यामुळे हवी ती शीट नेमकी तळाला असते. बेअरिंग, बुश, कपलिंग, नटबोल्ट यांची खोकी जमेल तिथे पडलीत. शोधाशोधीत जो वेळ जातो त्याचा आता वैताग यायला लागलाय.

बाजारातले तयार रॅक बघितले. पण एका भिंतीत खांब पुढे आलाय, दुसरीकडे दोन मीटरवरून केबल ट्रे आडवा गेलाय, त्यामुळे ते नीट बसत नाहीत. स्वतः करता येईल, हत्यारं आहेत, माणसंही आहेत. पण गिऱ्हाइकाची कामं अडवून रॅक जोडत बसणं शक्य नाही. म्हणून डिझाइन आणि फॅब्रिकेशन दोन्ही बाहेर द्यायचं ठरवलंय.

एका फ्रीलान्स डिझायनरने थ्रीडी चित्र करून दिलं. दिसायला झकास. ते घेऊन फॅब्रिकेटरकडे गेलो तर त्याने पहिलंच विचारलं, "यावर वजन किती ठेवणार?" चित्रात ते कुठेच नव्हतं. मग म्हणाला, "पाइप कुठला घेऊ?" तेही नव्हतं.

दोन्ही कामं एकाकडेच द्यावीत का? लिहून काय द्यावं? वेल्ड केलेला रॅक घ्यावा की बोल्टचा? माल ताब्यात घेताना काय तपासावं? ज्यांनी असं काम करून घेतलंय किंवा करून दिलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

लोखंडी_हात

फॅब्रिकेशन हाच माझा धंदा, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो. त्या फॅब्रिकेटरने योग्य तेच विचारलं. वजन न विचारता लगेच भाव सांगणाऱ्यापेक्षा तो माणूस बरा. त्याला धरून ठेवा.

आमच्याकडे बहुतेक जण मोबाइलवर फोटो घेऊन येतात आणि "असंच करून द्या" म्हणतात. फोटोतला रॅक कशासाठी होता, पत्रा किती जाडीचा होता, काही कळत नाही. मग मी माझ्या अंदाजाने माल लावतो, शेजारचा त्याच्या अंदाजाने लावतो, आणि गिऱ्हाईक दोघांचे आकडे शेजारी ठेवून स्वस्त कोण ते बघतं. दोघांनी दोन वेगळ्या वस्तूंचा भाव दिलेला असतो.

म्हणून आधी यादी करा. काय ठेवणार, किती लांब, किती नग, एकूण वजन किती. सळईचं वजन तुम्हाला ठाऊक असेलच, तरी बाकीच्यांसाठी लिहितो: व्यास मिमीमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, एका मीटरचं वजन किलोत मिळतं. २५ मिमीची सळई मीटरला साधारण ३.८६ किलो. सहा मीटरची एक सळई झाली २३ किलो. अशा २० सळया रॅकच्या एका पातळीवर टाकल्या की ४६० किलोच्या वर जातात, आणि बघताना तो ढीग एवढासा दिसतो. ५० मिमीची सहा मीटर सळई एकटीच ९२ किलोच्या पुढे.

पत्र्याचंही तसंच. २५०० बाय १२५० ची ३ मिमी शीट ७३-७४ किलोची असते. दहा शीट म्हणजे पाऊण टन.

ही यादी दुसरा कोणी करून देऊ शकत नाही. बाकी सगळं बाहेर द्या, हे तुम्हीच करा. आणि आज जे आहे तेवढंच लिहू नका. रिकामा कप्पा वर्कशॉपमध्ये रिकामा राहत नाही.

मोजपट्टी

लोखंडी_हात यांना पूर्ण अनुमोदन. मी मशीन फ्रेम आणि स्ट्रक्चरची डिझाइनं करते, म्हणून थोडी भर.

रॅक मोडण्याच्या कितीतरी आधी तो झोल खातो. आडवा पाइप खाली वाकला की खोकी आतल्या बाजूला घसरतात, ड्रॉवर अडकतात, आणि काम करणाऱ्यांचा रॅकवरचा विश्वास जातो. त्यामुळे "तुटणार नाही ना" एवढ्यावर थांबू नका, "किती वाकेल" हेही विचारा. शेल्फच्या बीमला, म्हणजे खालच्या आडव्या आधाराला, लांबीच्या दोनशेवा भाग ही झोलाची मर्यादा सर्रास धरतात. १८०० मिमीच्या बीमला म्हणजे ९ मिमी.

एक उदाहरण करून दाखवते. ५० बाय २५ चा, २ मिमी जाडीचा पाइप. दोन टेकूंमधलं अंतर १८०० मिमी. शेल्फवर ३०० किलो सारखं पसरलेलं, पुढे-मागे दोन पाइप, म्हणजे प्रत्येकावर १५०. पाइप उभा लावला, म्हणजे ५० ची बाजू उंचीला, तर झोल ६ मिमीच्या आसपास येतो. चालेल. तोच पाइप आडवा, २५ ची बाजू उंचीला लावला तर जवळजवळ १९ मिमी. तेच लोखंड, तेवढंच वजन, तेवढेच पैसे. फक्त पाइप कुठल्या बाजूने लावायचा हे ड्रॉइंगवर न लिहिल्याचा हा परिणाम. वेल्डरला आडवा पाइप लावणं सोपं जातं, वर पत्रा छान बसतो, आणि कोणी सांगितलं नसेल तर तो तसाच लावतो.

दुसरं म्हणजे अंतर. वजन तेवढंच ठेवून १८०० चे २४०० केले तर उभ्या पाइपचा झोलही १५ मिमीच्या जवळ जातो, कारण तो लांबीच्या घनात वाढतो. आणि शेल्फ लांब झालं की लोक त्यावर मालही जास्त ठेवतात, तेव्हा प्रत्यक्षात याहून वाईट. मध्ये एक खांब कमी करून पैसे वाचवू असं कोणी म्हणालं तर हे आकडे पुढे ठेवा.

"मग भारी ग्रेडचं स्टील घेऊ" हाही सल्ला मिळतो. झोलापुरता त्याचा काही उपयोग नाही. कुठल्याही ग्रेडचं साधं स्टील वजनाखाली सारखंच वाकतं. उंची वाढवा किंवा अंतर कमी करा.

कानस

दोघांचेही आभार. आज दुपारी बसून यादी केली. सळयांचं वजन मनात जे धरलं होतं त्याच्या कितीतरी पुढे निघालं. डिझायनरच्या चित्रात सळयांचा रॅक आणि खोक्यांचा रॅक एकाच पाइपचा दाखवलाय, ते आता खटकतंय.

गोदामवाला

थोडा वेगळा सूर लावतो. सगळंच मापाचं का करून घेताय? खोक्यांसाठी, सुट्या भागांसाठी तयार बोल्टचे रॅकच घ्या. त्यांना भारक्षमता ठरलेली असते, शेल्फ वरखाली होतात, उद्या जागा बदलली तर सुटे करून नेता येतात. खांबाची अडचण असेल तर तेवढा गाळा, म्हणजे रॅकच्या दोन उभ्या फ्रेममधला भाग, सोडून द्या किंवा तिथे अरुंद रॅक लावा. मापाचं काम फक्त सळया आणि शीट यांच्यासाठी ठेवा. तिथे तयार वस्तू खरंच नीट बसत नाही.

आणि रॅक घ्यायच्या आधी खोकी ठरवा. ६०० बाय ४००, ४०० बाय ३०० आणि ३०० बाय २०० ही प्लास्टिकच्या खोक्यांची मापं जगभर चालतात आणि एकमेकांत बसतात. तीन खोकी ४०० च्या बाजूने शेजारी ठेवायची तर आतली मोकळी रुंदी १२०० नको, १२३०-१२५० हवी. १२०० नेमकी ठेवली तर तिसरं खोकं अडकतं आणि मग आयुष्यभर दोनच खोकी ठेवली जातात. मी पाहिलेल्या एका स्टोअरमध्ये अख्खी रांग अशी तिसरा भाग रिकामी होती, कारण कोणीतरी बाहेरून बाहेरचं माप १२५० दिलं आणि खांबांची जाडी विसरलं.

लोखंडी_हात

गोदामवाला यांचं म्हणणं पटलं, धंदा माझा असूनही. एवढंच की तयार रॅक आणि मापाचा रॅक शेजारी आले तर शेल्फची उंची जुळवून घ्या, ट्रॉलीवरून माल सरकवताना बरं पडतं.

सळयांच्या रॅकबद्दल. भिंतीला हात काढलेला, म्हणजे कॅन्टिलिव्हर, हाच प्रकार घ्या. पुढे खांब नसल्यामुळे सळई बाजूने उचलून ठेवता येते, टोकाकडून ओढत बसावं लागत नाही. हाताला टोकाकडे किंचित चढ द्या आणि टोकाला खिळ मारा, नाहीतर गोल सळई गडगडते. हाताचं वेल्डिंग खांबाशी जिथे येतं तिथेच सगळा ताण असतो. तिथे वरच्या बाजूचं वेल्डिंग पूर्ण लांबीचं हवं, टाके मारून भागवलेलं नको. मी ड्रॉइंगवर ते लाल शाईने लिहून घेतो.

खांब किती? सहा मीटरच्या सळईला दोनच टेकू द्यायचे तर टोकांपासून साधारण सव्वा मीटर आत द्यावेत, तिथे सळईवर ताण सगळ्यात कमी येतो. पण बारीक सळई तेवढ्यावरही मधून लोंबते आणि तीन मीटरचे तुकडे ठेवताच येत नाहीत. म्हणून दीड मीटरवर एक असे चार खांब धरा. मात्र चारही हात एका पातळीत पाहिजेत. पाण्याची नळी किंवा लेझर लावून तपासा, डोळ्याने नको.

आणि तुकड्यांची जागा डिझाइनमध्येच काढा. अर्ध्या मीटरखालचे तुकडे कुठे जाणार हे ठरलं नसेल तर ते सळयांवर जाऊन बसतात आणि महिनाभरात नवा रॅक जुन्यासारखा दिसतो.

मोजपट्टी

शीट उभ्या ठेवा. तळाला रोलर किंवा गुळगुळीत पट्टी, मध्ये उभे दांडे, आणि टेकणारी बाजू चार-पाच अंश मागे कललेली. सरळ उभी शीट पुढे कलंडू शकते आणि ७० किलोची शीट हाताने थांबत नाही. प्रत्येक कप्प्यात थोड्याच शीट बसतील इतकीच रुंदी ठेवा, नाहीतर मागची काढायला पुढच्या सगळ्या हाताने कलत्या धराव्या लागतात. अपघात तिथेच होतात. याबाबत काटकसर करू नका.

रंगकाम_विभाग

पावडर कोटिंग करतो, म्हणजे कोरड्या पावडरचा रंग लावून तो ओव्हनमध्ये भाजतो. रॅकची बरीच भांडणं आमच्या दारात येऊन संपतात, म्हणून लिहितो.

डिझाइन करताना ओव्हन किती मोठा आहे ते विचारा. अडीच मीटरची वेल्ड केलेली फ्रेम ओव्हनमध्ये जात नाही असं कळलं की ती कापतात किंवा ब्रशने रंगवतात. पावडर साधारण १८०-२०० अंश सेल्सिअसला भाजावी लागते, त्याला दुसरा मार्ग नाही. टांगायला भोकं ठेवा, आणि पोकळ पाइपला खालच्या टोकाला निचऱ्याचं भोक ठेवा. धुण्याचं पाणी आत अडकलं तर भाजताना वाफ होऊन बाहेर येते आणि रंगावर फोड येतात. झिंकच्या गरम टाकीत, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला माल पाठवणार असाल तर बंद पाइप अजिबात चालत नाही. ते झिंक साडेचारशे अंशांच्या आसपास असतं, आत अडकलेल्या हवा-पाण्याने पाइप फुटू शकतो आणि टाकीवरच्या माणसाच्या जिवावर बेततं.

आता हुकवाल्या शेल्फबद्दल, म्हणजे ज्यांची जीभ खांबाच्या खाचेत अडकते त्यांच्याबद्दल, कारण हे दर थोड्या दिवसांनी घडतं. समजा जीभ २ मिमी पत्र्याची आणि खाच २.२ मिमीची. लेझरवरून कापून आणली, हातात बसवून बघितली, छान गेली. मग रंग. एका बाजूला ७० मायक्रॉन (०.०७ मिमी) धरले तरी जिभेच्या दोन्ही बाजू मिळून ती २.१४ होते, आणि खाच दोन्हीकडून भरून २.०६ उरते. बसत नाही. मग हातोडी येते, रंग उडतो, आणि फोन आम्हाला. खाच २.५ च्या पुढे ठेवा आणि आटे, बेसप्लेटचे (पायाखालच्या पट्टीचे) टेकणारे भाग रंगापासून झाकायला सांगा. हे ऑर्डरच्या कागदावर असू द्या, तोंडी सांगितलेलं आमच्यापर्यंत पोचत नाही.

सुताचा_फरक

वा! हा प्रतिसाद प्रिंट काढून लावण्यासारखा आहे. खाचेची अडचण आमच्याकडे अगदी अशीच झाली होती आणि कारण आज समजलं.

जुना_फोरमन

धागा चांगला चाललाय. जमिनीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

चार शेल्फ, प्रत्येकी ३०० किलो, म्हणजे एका गाळ्यात १२०० किलो. सुटा गाळा असेल तर पायाला ३०० येतात. पण गाळे शेजारी जोडले आणि मधली फ्रेम सामाईक ठेवली तर तिच्यावर दोन्हीकडचा अर्धा-अर्धा भार येतो, मधल्या पायांना प्रत्येकी ६०० किलो. पाइपची उघडी कड थेट फरशीवर ठेवली तर हा सगळा भार २ मिमीच्या कडेवर उतरतो, फरशी तडकते आणि रॅक एका अंगाला खचतो. १०० बाय १०० ची बेसप्लेट लावा, खाली पातळी जुळवायला पत्र्याचे शिम द्या. कुठलीच जमीन सपाट नसते हे धरूनच चला.

रॅकची उंची त्याच्या पुढून-मागच्या मापाच्या चौपटीच्या पुढे गेली तर मी तो रॅक भिंतीला किंवा जमिनीला बांधल्याशिवाय वापरू देत नाही. खालचं रिकामं आणि वरचं भरलेलं असं एखाद्या दिवशी होतंच. मागे तिरप्या पट्ट्या किंवा पूर्ण पत्रा हवा. त्याशिवाय रॅक कडेने डुलतो, बोल्ट कितीही आवळा. जड माल कमरेच्या उंचीला, त्याहून जड तळाला, वर फक्त हलका. गॅसचे सिलिंडर रॅकमध्ये नकोत, त्यांना वेगळी साखळीची जागा.

प्रत्येक रॅकवर ठळक पाटी: प्रत्येक शेल्फला कमाल किती किलो. डिझाइन करणाऱ्याने तो आकडा सहीनिशी दिलाच पाहिजे. जो आकडा लिहून द्यायला कचरतो त्याच्याकडून रॅक घेऊ नका.

कानस

फोरमनकाका, एक शंका. एक छोटा रॅक चाकांवर हवाय, सेटिंगच्या वेळी मशीनजवळ न्यायला. मालासकट सगळं ९०० किलोपर्यंत जाईल. चार चाकं, म्हणजे चाकाला २२५ किलो धरू का?

जुना_फोरमन

नाही. तीनने भागा, ३०० किलो क्षमतेचं चाक घ्या. उंचसखल जमिनीवर चारातलं एक चाक बऱ्याचदा अधांतरी असतं. आणि ९०० किलो हाताने ढकलायला फार होतात, थांबवायला त्याहून जास्त. दोन लहान रॅक करा.

मोजपट्टी

मूळ प्रश्नावर येते, एकाकडे की दोघांकडे.

माझं स्वतःचं काम डिझाइनचं असूनही मी म्हणेन की एवढ्या कामाला एकाच पार्टीकडे द्या, पण ती ड्रॉइंग करणारी पार्टी असली पाहिजे. दोघांकडे दिलं की काही बिघडल्यावर फॅब्रिकेटर म्हणतो ड्रॉइंग चुकलं, डिझायनर म्हणतो काम चुकलं. शिवाय बाहेरच्या डिझायनरला त्या शॉपमधलं बेंडिंग मशीन किती लांबीचं आहे, वाकवायची कुठली डाय (साचा) आहे, हे ठाऊक नसतं. बेंडच्या अगदी जवळ भोक दिलं की वाकवताना ते लंबगोल होतं. बेंडची आतली त्रिज्या अधिक पत्र्याच्या दुप्पट जाडी, एवढं अंतर तरी सोडावं लागतं. शॉपमध्येच ड्रॉइंग करणारा माणूस हे न सांगता पाळतो.

तुमच्या डिझायनरचे पैसे वाया गेले असं समजू नका. जागेची मांडणी, खांब, केबल ट्रे हे त्याने मोजलेलं असेल तर तोच पाया धरा. त्याच्याकडून थ्रीडी मॉडेलची स्टेप फाइल आणि जागेच्या मापांचं ड्रॉइंग घ्या. पुढचं शॉप ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष कापायचं-जोडायचं ड्रॉइंग, फॅब्रिकेटर करेल, तुम्ही सही कराल, मग पत्रा कापला जाईल. ड्रॉइंग कोणाच्या मालकीचं हेही आधी बोलून घ्या, दुसरी ऑर्डर दुसरीकडे द्यावी लागली तर अडणार नाही.

लोखंडी_हात

मी थोडा असहमत. मोठं काम असेल, किंवा माणसं चढतील असा माळा असेल, तर डिझाइन स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. करणाराच तपासणारा नको. पण जमिनीवरच्या साध्या रॅकला एकच पार्टी, हे मान्य.

वेल्ड की बोल्ट: उभ्या फ्रेम वेल्ड केलेल्या, आडवे बीम बोल्टने. दारातून जातं, ओव्हनमध्ये जातं, आणि एखादा बीम वाकला तर तेवढाच बदलता येतो. पूर्ण वेल्ड केलेला सांगाडा नेताना पिळला की जागेवर सरळ होत नाही.

आणि सगळे रॅक एकदम सुरू करू देऊ नका. आधी एक गाळा बिनरंगाचा करून घ्या. तो बघायला स्वतः शॉपवर जा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तर फ्रेम गुण्यात आहे. पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने तपासा, २ मिमी सांगून १.८ लागणं नवीन नाही. स्पॅटर (वेल्डिंगचे चिकटलेले थेंब) निघालंय का, कडांना बर (कापताना राहिलेली धार) आहे का, हात फिरवून बघा. मग ठरलेल्या वजनाच्या सव्वापट माल शेल्फवर ठेवा. दोरा ताणून झोल मोजा, रात्रभर ठेवून परत मोजा, माल उतरवून पुन्हा मोजा. उतरवल्यावर बीम जागेवर आला पाहिजे. नाही आला तर तो कायमचा वाकलाय, तिथेच थांबा. रंग झाल्यावर हे काही करता येत नाही, कारण दुरुस्ती म्हणजे रंग जाळणं. पैशांचे टप्पे याच क्रमाने बांधा: ड्रॉइंगवर सही, बिनरंगाचा गाळा पास, माल पोच, आणि शेवटचा हिस्सा जागेवर लावून पातळीत आल्यावर.

कानस

खूप काही मिळालं. आता असं करतोय: खोक्यांना तयार बोल्टचे रॅक, सळया आणि शीटचे दोन मापाचे. वजनांची यादी आणि जागेचं ड्रॉइंग त्याच फॅब्रिकेटरला देतोय, शॉप ड्रॉइंग तो करेल. शेवटचं एक, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल, ते काय लिहू? आम्ही मशीनवाले, हात आपोआप मिमीच्या दशांशाकडे जातो.

मोजपट्टी

दशांश नको, उगाच भाव वाढेल आणि वेल्डिंगला ते झेपणारही नाही. वेल्ड केलेल्या फ्रेमच्या सर्वसाधारण मापांना "आयएसओ १३९२०, वर्ग बी" लिहा, ते वेल्ड केलेल्या कामाच्या टॉलरन्सचं मानक आहे. त्यात एक ते दोन मीटरच्या मापाला अधिक-उणे ४ मिमी आणि दोन ते चार मीटरला ६ मिमी मिळतात. फक्त जिथे बीम बोल्टने बसणार त्या भोकांच्या अंतराला वेगळं लिहा, अधिक-उणे १ मिमी, आणि भोकं लंबगोल ठेवा. फ्रेम जिगमध्ये, म्हणजे तुकडे जागेवर धरणाऱ्या साच्यात, जोडणार का ते विचारा. जिग असेल तर पहिली आणि शेवटची फ्रेम एकमेकींवर ठेवून भोकं जुळवून बघा, बाकीच्या मोजत बसायची गरज नाही.